पांढरीपांडे, आवृत्ती दोन पॉइंट तीन

आमच्या घरात पाऊल टाकण्यापूर्वी पांढरीपांडे पायपुसण्यावर उभे राहत आणि विचारत, "वहिनी, आज घरात आधी कोण उठलं?"

घरात मी एकटी. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यामुळे "मी" याखेरीज दुसरं उत्तर नव्हतं. पण ते त्यांना चालत नसे. "तुम्ही नाही हो. तुमच्यानंतर कोण? हीटर, दिवा, की कॉफीचं मशीन?" मग मी क्रम सांगायचा. ते डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे आणि मगच बूट काढायचे. दार उघडं असल्यामुळे तेवढ्या वेळात हीटरने कमावलेली सगळी ऊब बाहेर जायची. मिशिगनमधल्या जानेवारीत ही चैन परवडणारी नसते.

ईशा, निखिल, तुम्ही मागे फोटो पाहून फोनवर विचारलं होतं, "आजी, हू इज दॅट अंकल हू नेव्हर स्माइल्स?" त्याचं हे उत्तर. ते मराठीत आहे आणि लांबलंय. अडलं तर बाबाला विचारा. बाबावर मी वर्षभर कसला संशय घेत होते, तेही यात आहे. त्यालाही ते आता कळलेलं बरं.

पांढरीपांडे मूळचे नागपूरचे. तीस वर्षं अमेरिकेत राहूनही "काय करून राहिल्या वहिनी?" ही त्यांची बोली गेली नव्हती. आमच्याच ट्रॉय गावात मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते प्रोग्रॅमर होते. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर चालणारे प्रोग्रॅम लिहायचे. हे प्रोग्रॅम उघडताना त्यातलं काय आधी जागं होतं आणि काय नंतर, यावर त्यांचं आयुष्य गेलेलं. कॉम्प्युटरचं हे वेड त्यांनी जगातल्या प्रत्येक वस्तूला लावलं होतं. मोटारीत बसल्यावर पट्टा, आरसे, किल्ली, मनात वीस आकडे, मग हीटर, असा त्यांचा क्रम होता. रेडिओ कधीच नाही. "सगळ्यांनी एकदम उठायचं नसतं वहिनी. घाईघाईत उठलेला माणूस आणि घाईघाईत उठलेला प्रोग्रॅम, दोघंही खोटं बोलतात."

एकदा आमच्याकडे चार लोक जेवायला होते. रश्मी नावाची पुण्याची एक मुलगी तेव्हा नवऱ्याबरोबर नुकतीच इकडे आली होती. दोघंही आयटीत. तिने उत्साहाने पानं वाढायला घेतली आणि पहिला भात वाढला. पांढरीपांड्यांनी दोन्ही हातांनी आपलं ताट झाकलं.

"मीठ कुठाय?"

"देते ना काका, भात तर घ्या."

"आधी मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. भात येऊन बसला आणि वरणाचा पत्ता नाही, तर भाताने काय करायचं? तो काहीतरी धरून चालणार. ताकच आलंय असं धरून चालला तर?"

"काका, भात काही धरून चालत नाही," रश्मी म्हणाली.

"प्रोग्रॅम चालतो," पांढरीपांडे म्हणाले आणि मीठ येईपर्यंत ताटावरचे हात त्यांनी काढले नाहीत.

नव्या गोष्टीचा त्यांना पोलिसाला यावा तसा संशय येई. "नवीन म्हणजे न तपासलेलं" हे त्यांचं ब्रीदवाक्य. गाडीचं नवं मॉडेल निघालं की ते मुद्दाम मागच्या वर्षीचं घेत. नवा टूथब्रश आणला की जुना आणि नवा आठवडाभर समांतर चालवत, एक सकाळी, एक संध्याकाळी. लोकांच्या खिशात नवनवे फोन आले, तरी यांच्या खिशात फ्लॉपी. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलंच, तर म्हणत, "पहिलीच आवृत्ती स्थिर आहे. कशाला हात लावायचा?"

अशा माणसाने आम्हा सगळ्यांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. नाव साधंच, "तिथी". त्याचं कारण असं, की देशातून येणारं छापील पंचांग इथे उपयोगाचं नसतं. पुण्यात सूर्य उगवतो तेव्हा आमची आदली रात्र चालू असते. त्यामुळे तिथली मंगळवारची एकादशी आमच्याकडे कधीकधी सोमवारीच येऊन जाते. मी वर्षानुवर्षं पुण्याच्या पंचांगावर विसंबून उपास केले. पांढरीपांड्यांनी हिशेब करून दाखवला, तेव्हा कळलं की त्यातले निम्मे तरी द्वादशीला झाले होते, आणि खऱ्या एकादशीला मी भरली वांगी खाल्ली होती.

"तिथी" कॉम्प्युटरवर उघडला की वर ठळक अक्षरांत गावाचं नाव येई, खाली आठवड्याचं पान. रोजची तिथी, सणवार, घरच्यांचे वाढदिवस, आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण. आठवड्याचं पान दर शनिवारी सकाळी नवं तयार होई. आणि दर शनिवारी सकाळी माझ्याकडे वर गावाचं नाव येई, "पुणे".

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी फोन केला. अर्ध्या तासात पांढरीपांडे हजर. कॉम्प्युटरसमोर बसले, पासवर्ड टाकला, गाव बदलून "ट्रॉय" केलं. पान बदललं.

"असं का होतं?" मी विचारलं.

"तो आधी तिथी काढतो, मग आपण कुठे आहोत ते वाचतो. गाव वाचेपर्यंत रिकामंच असतं ना? रिकामं असलं तर पुणं धरायचं, असं लिहिलंय."

"तुम्ही नागपूरचे. मग पुणं का?"

"चुकायचंच असेल तर पुण्याने चुकावं," ते म्हणाले. हा त्यांच्या तोंडचा मी ऐकलेला एकमेव विनोद. तोही त्यांनी न हसता सांगितला.

"मग दुरुस्त करा की."

"बघून राहिलो," ते म्हणाले.

पासवर्ड मला सांगायला ते तयार नव्हते. फोनवरून तोडगा सांगणंही त्यांना मान्य नव्हतं. आणि अशा रीतीने दर शनिवारी पांढरीपांडे आमच्याकडे येऊ लागले. दहा मिनिटांचं काम करायचे आणि तासभर थांबायचे. चहा घ्यायचे, हे ठीक. पण त्यांची नजर सारखी फिरायची. फ्रिज उघडून दूध काढताना ते आत काय काय आहे ते बघायचे. तळघराच्या जिन्यातला दिवा लावून बघायचे. गोळ्यांची डबी सहज हातात घेतल्यासारखी घ्यायचे आणि कप्पे मोजायचे. "काल किती वाजता झोपल्या? पाय कसा आहे? जिना किती वेळा चढता?"

आता माझी बाजू ऐका. त्याच सुमाराला तुमचा बाबा दर रविवारी तिकडून, ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून, फोन करून एकच विषय काढायचा. "आई, तुला एकटीला जमत नसेल तर घर विकून टाक आणि इकडे ये." मला जमत होतं. हे घर आजोबांनी आणि मी मिळून घेतलं होतं. इथल्या प्रत्येक कपाटात कुठली वस्तू कुठे, ते मी अंधारात सांगू शकते. माझ्या मसाल्याच्या बाटल्यांवर टाइप केलेल्या चिठ्ठ्या आहेत आणि बागेतल्या कंदांचासुद्धा नकाशा आहे. मला माझ्या घरात राहायचं होतं, आणि बाबाला "जमत नाही" म्हणायला एक निमित्त हवं होतं.

मग एका रविवारी बाबा म्हणाला, "आई, जिन्यातला दिवा गेलाय ना?"

दिवा खरोखरच गेला होता. आदल्या दिवशी, शनिवारी, पांढरीपांड्यांनी तो लावून बघितला होता.

मी फोन ठेवला आणि एक वही काढली. पहिल्या पानावर शीर्षक घातलं, "पांढरीपांडे: निरीक्षणं". कधी आले, काय उघडलं, काय विचारलं, सगळं टिपायला लागले. शाळेत इंग्रजी शिकवताना कॉपी करणारी मुलं मी याच पद्धतीने पकडत असे. हा माणूस माझ्या मुलाचा हेर आहे, आणि कॉम्प्युटरचा बिघाड हे घरात शिरायचं निमित्त आहे, अशी माझी जवळजवळ खात्री झाली.

पुरावा मिळाला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. रश्मीने शनिवारी मलाही बोलावलं होतं, सवाष्ण-विधवा असं काही न बघता. तिच्या बैठकीच्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता आणि त्यावर "तिथी" उघडा होता. वर ठळक अक्षरांत "ट्रॉय".

"पांढरीपांडे येऊन गेले वाटतं?" मी तिळगूळ घेताना विचारलं.

"नाही हो काकू. त्यांना कशाला बोलवायचं? मस्त चालतो. एकदा इन्स्टॉल करून दिला, त्यानंतर मी त्यांना पाहिलंच नाहीये."

मी चष्मा लावला आणि "माहिती" असं लिहिलेलं बटण दाबलं. "आवृत्ती ४" असं आलं. आमच्या घरी तिथे "आवृत्ती २.३" असं येत असे.

मग मी काय केलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. तिथे आलेल्या प्रत्येक बाईला तिळगूळ देता देता विचारलं, तुमच्याकडे कुठली आवृत्ती? निम्म्यांना माहीत नव्हतं. त्यांना मी घरी जाऊन बघून फोन करायला लावलं. दोन दिवसांत माझा तक्ता तयार झाला. सात घरं. पाच घरांत चार नंबर, एकही तक्रार नाही. दोन घरांत दोन पॉइंट तीन. एक माझं, आणि दुसरं डॉक्टर नलूताईंचं. नलूताई रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, तीन रस्ते पलीकडे.

एवढ्यावर न थांबता मी लायब्ररीत गेले आणि प्रोग्रॅम कसे उघडतात यावरचं एक जाड पुस्तक आणलं. इंग्रजी भाषेत लिहिलेलं काहीही मी समजून घेऊ शकते, असा माझा समज आहे. दोनशे पानांपर्यंत तो टिकला. पण मला हवं ते सापडलं. गाव वाचणारी ओळ वर आणि तिथी काढणारी ओळ खाली घेतली की काम संपत होतं. दोन ओळींची अदलाबदल! आणि हा माणूस वर्षभर "बघून राहिलो" म्हणत होता.

मी नलूताईंना फोन केला. "तुमच्याकडेही शनिवारी पुणं येतं का?"

"येतं ना," त्या शांतपणे म्हणाल्या.

"तुम्हाला संशय नाही आला?"

"कुसुम, निदान करणं हा माझा धंदा होता. तू तुझ्या पद्धतीने शोध." आणि त्यांनी फोन ठेवला. याही त्या कटात सामील आहेत, असं मी वहीत लिहिलं.

पुढचा शनिवार उजाडला. कॉम्प्युटर लावला, पुणं आलं. मी फोन केला नाही. आज बोलावणारच नव्हते. बघू या, बोलावल्याशिवाय येतात का. आले तर हेर, नाही आले तर नुसतेच आळशी. तक्ता टेबलावर मांडून ठेवला, शेजारी लायब्ररीचं पुस्तक, त्यात खूण. नऊ वाजले. साडेनऊला दोनदा फोन वाजला. मी उचलला नाही.

दहाला पाच मिनिटं असताना दारावर धक्के बसायला लागले. बेल नाही, तळहाताने मारलेले धक्के. मी थालीपीठ टाकलं होतं, उलथणं हातात घेऊनच दार उघडलं.

पांढरीपांडे उभे होते. अंगात कोट नव्हता. स्वेटर, आणि पायात घरातल्या सपाता, बर्फाने भरलेल्या. ड्राइव्हवेवर गाडी तिरकी उभी होती, तिचं दार उघडं होतं आणि आत रेडिओ मोठ्याने चालू होता. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग उलथण्याकडे बघितलं. आधी कोण उठलं, हे त्यांनी विचारलं नाही.

"काहून फोन नाही केला?" ते म्हणाले.

"आत या," मी म्हणाले. "मलाच विचारायचंय." आणि ते बसतात न बसतात तोच मी तक्ता पुढे सरकवला. पाच घरं, दोन घरं, चार नंबर, दोन पॉइंट तीन. पुस्तकातली खूण उघडून दाखवली. वर्गात देत असे तसं एक छोटं भाषण झालं. "आणि माझ्या मुलाला जिन्यातल्या दिव्याचं कोणी सांगितलं, तेही आत्ताच सांगा."

"दिव्याचं? तुम्हीच सांगितलं असेल. मी तर त्याच्याशी कधी बोललोही नाही, वहिनी. त्याचा नंबर नाही माझ्याकडे."

आणि तेव्हा मला आठवलं. त्याच रविवारी बाबाच्या आधी फोनवर ईशाने विचारलं होतं, "आजी, व्हॉट आर यू डूइंग?" आणि मी म्हटलं होतं, जिन्यातला दिवा बदलतेय. ईशा, तुझा दोष नाही. पण माझी वही तिथल्या तिथे निकालात निघाली.

"मग हे दोन पॉइंट तीन?" मी जरा खालच्या आवाजात विचारलं.

पांढरीपांड्यांनी तक्त्यावरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. "बरोबर आहे तक्ता," ते म्हणाले. "एक घर राहिलं यात. गद्र्यांचं."

गद्रे मला माहीत होते. मोटार कंपनीतून रिटायर झालेले, अपार्टमेंटमध्ये एकटेच राहत. गेले ते कळलं होतं, कसे ते नव्हतं कळलं.

"सुरुवातीला सगळ्यांकडे दोन पॉइंट तीनच होतं," पांढरीपांडे म्हणाले. "चूक माझीच, खरी. मुद्दाम केलेली नव्हती. गद्रे दर शनिवारी सकाळी फोन करून मला शिव्या द्यायचा. तुझं पुणं काढ म्हणायचा. मग मी बसलो आणि दुरुस्त केलं. तीन नंबर. पहिला त्याच्याकडेच टाकला. पुढच्या शनिवारी फोन नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी लई खूश. लोकांना सांगत फिरलो, तीन नंबरची एकही तक्रार नाही म्हणून."

थालीपीठ करपल्याचा वास आला. मी उठून गॅस बंद केला. मी परत येऊन बसल्यावर ते पुढे बोलले.

"चौथ्या शनिवारी पडला तो. बाथरूमच्या दारात. मंगळवारी इमारतीच्या मॅनेजरने दार उघडलं. मी गेलो होतो तिथे. कॉम्प्युटर चालूच होता. तिथी बरोबर होती, वहिनी. वर ट्रॉय होतं."

मी तक्ता उलटा करून ठेवला.

"मग चार नंबर काढला. ज्यांच्या घरी माणसं आहेत, त्यांना तो दिला. बाकीच्यांकडे दोन पॉइंट तीनच राहू दिला." त्यांनी सपातांकडे पाहिलं. बर्फ वितळून फरशीवर पाणी झालं होतं. "नऊपर्यंत तक्रार आली की समजायचं, माणूस उठला. नलूताईंची साडेआठलाच येते. त्यांनी ओळखलं होतं पहिल्याच महिन्यात. मला म्हणाल्या, राहू दे तसंच."

मी चहा ठेवला. लवकर पिता यावा म्हणून बशीत ओतून दिला. चहा पिऊन झाल्यावर त्यांचा आवाज पुन्हा नेहमीचा रुक्ष झाला. "आता तुम्हाला कळलंच आहे. चार नंबर टाकून देऊ? फ्लॉपी गाडीत आहे."

"नको," मी म्हणाले. "नवीन म्हणजे न तपासलेलं."

ते हसले नाहीत. पण फ्लॉपी आणायला उठलेही नाहीत.

जाताना मी त्यांना आजोबांचा जुना कोट घातला. दारात उभं राहून विचारलं, "तुमच्या स्वतःच्या मशीनवर कुठली आवृत्ती?"

"चार."

"म्हणजे तुम्ही कोणाकडे तक्रार करत नाही."

"मी कोणाकडे करणार? मीच तर लिहिलाय."

"आणि तुम्ही उठला नाहीत तर?"

पांढरीपांडे पायपुसण्यावर थांबले. जगातल्या प्रत्येक यंत्राचा क्रम सांगणारा हा माणूस, एवढा एक क्रम त्याने कधी मांडलेला दिसला नाही. "कोणीतरी पहिलं असतंच, वहिनी," ते शेवटी म्हणाले. "त्याच्याआधी कोणी नसतं." आणि गाडीकडे गेले. पट्टा, आरसे, किल्ली. मनात वीस आकडे मोजेपर्यंत मी दारातच उभी होते.

तेव्हापासून शनिवारची माझी तक्रार आठ वाजता जाते. नलूताईंच्याही आधी. बहुतेक वेळा दुसऱ्या रिंगला फोन उचलला जातो आणि पलीकडून रुक्ष आवाज येतो, "उठून राहिलो." गेल्या शनिवारी पाच रिंग झाल्या, सहा झाल्या. मी गाडीची किल्ली कुठे आहे ते बघून ठेवलं. आठव्या रिंगला त्यांनी उचलला.

"आंघोळीला गेलो होतो. काय झालं वहिनी?"

"काय होणार? पुणं आलंय," मी म्हणाले.

कॉम्प्युटर अजून लावलाच नव्हता.